स्वस्तात सजलेली घरं

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते सामानाबरोबर येतात. जुनं कपाट उचलावं तर मागून झुरळं निघतात, खालून कुणाची तरी कानातली रिंग निघते, आणि देणारा माणूस जिना उतरता उतरता असं काही बोलून जातो की ते आमच्याकडेच राहून जातं. कपाट विकलं जातं. बोललेलं कोण विकत घेणार?

आमचा धंदा म्हणजे लोकांची घरं कमी पैशात सजवून देणं. भिवंडीत शेलार गावाच्या बाजूला आमचा गाळा आहे. एका अंगाला नवा माल. मोठमोठ्या गोडाऊनमधून लॉटने सुटणारा, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला. सोफा चांगला, पण एक पाय गायब. टेबल चांगलं, पण खोकं फाटलेलं. दुसऱ्या अंगाला जुना माल. गावागावांत जुनी घरं पाडून बंगले उठतायत, तिथून निघालेली दारं, पेट्या, पलंग, पितळ. यातलं थोडं, त्यातलं थोडं, की वन बीएचके तयार!

आम्ही तिघं आहोत. मी सुनंदा जाधव. घर बघून काय कुठे ठेवायचं ते मी ठरवते. बाळाराम पाटील माझा पार्टनर, गाळा त्याचा. खाडीकाठच्या गावचा आहे, त्यामुळे कुठलं घर पडणार याची खबर त्याला सगळ्यात आधी लागते. आणि अन्सारीचाचा, पॉलिशवाले. उमर सगळी पॉवरलूमवर घालवली, लूम बंद पडली तेव्हा आमच्याकडे आले. लूमच्या खडखडाटात कान गेलेत त्यांचे. चाचांना गुपचूप काही सांगायचं म्हटलं तर ते पार हायवेपर्यंत ऐकू जातं!

*

ठाण्याहून एक जोडपं आलं. नवा फ्लॅट, हप्ते सुरू झालेले, हातात पैसा जेमतेम. पण बाईंना हॉलमध्ये काहीतरी अँटिक हवंच होतं. मोबाइलमध्ये फोटो होता. कुठल्यातरी परदेशी घरातली लाकडी पेटी, वर दोन पुस्तकं आणि एक मेणबत्ती.

आमच्याकडे तेव्हा एक खरी जुनी सागवानी पेटी होती. एका घरातल्या सासवा-सुनांनी पिढ्यान् पिढ्या तिच्यात लुगडी ठेवलेली. प्रेमाची पेटी, म्हणून दर थोड्या वर्षांनी घरच्यांनी तिला ऑइलपेंट फासलेला. शेवटचा हात निळा होता.

बाई म्हणाल्या, "ही नवीन वाटते."

"रंग खरवडून देऊ ना," मी म्हटलं.

"नको. हिच्यात तो फील नाही."

शेजारी दुसरी पेटी होती. गोडाऊनमध्ये माल ठेवायच्या पॅलेटच्या फळ्यांची, चाचांनी नुकतीच ठोकलेली. साखळीने झोडपून खड्डे पाडलेले, उकळलेल्या चहाच्या पाण्याने धुऊन काळपट केलेली, कोपरे थोडे जाळलेले. कुंड्या ठेवायला म्हणून बनवली होती. बाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि डोळेच मिटले.

"अहो, हिला आत्मा आहे!" नवऱ्याला म्हणाल्या.

बाळाराम हसू दाबत बाहेर निघून गेला. मला राहवेना. म्हटलं, "ताई, ही नवीन आहे हो. आत्ताच बनवलीय आमच्या चाचांनी."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्यांच्या पर्समध्ये हात घातला. "विकायची नसेल तर सरळ सांगा मॅडम. आम्हाला काय कळत नाही का?"

घेऊन गेले. निळी पेटी तशीच पडून राहिली आणि शेवटी जळाऊ लाकडाच्या भावात गेली.

चाचा टेम्पो जाईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "देखो मॅडम, लकडी पिट जाए तो अँटिक. आदमी पिट जाए तो बस, बुड्ढा!"

*

पलंगाचं सांगते.

एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी पलंग बघायला आले होते. मनासारखा नवा परवडत नव्हता, आणि मुलगी रिकाम्या हाताने सासरी जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. आमच्याकडे एक जुना शिसवी पलंग होता, डोक्याकडे मोर कोरलेले. चाचांनी त्याला असं पॉलिश केलं की त्यात तोंड बघावं. गृहस्थ स्वतः गाळ्यात येऊन बसायचे. "मोराच्या डोळ्यात पण ब्रश फिरवा हो," म्हणून चाचांच्या मागे लागायचे. चाचांना ऐकू येत नव्हतं, तरी ते "हां, हां" करायचे.

टेम्पोत पलंग चढवला तेव्हा त्यांनी वर हार घातला. पेढे दिले आम्हाला.

वर्ष झालं नसेल. एक दिवस टेम्पो परत दाराशी. पलंग उभा करून दोरीने बांधलेला, आणि शेजारी तेच गृहस्थ, मोरावर हात ठेवून. खाली उतरले ते एकदम म्हातारे होऊन उतरले.

बाळारामने दोरी सोडली. पायांकडची फळी मधोमध फुटलेली होती. फळी अशी झोपून फुटत नाही. कुणीतरी कशावर तरी, किंवा कुणावर तरी जोराने काहीतरी आपटलेलं होतं.

मी विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"घरी आणलीय."

"बरी आहे ना?"

त्यांनी मान हलवली. ती हो की नाही ते कळलं नाही. मग चाचांच्या हातात पॉलिशचं फडकं होतं तिकडे बघत राहिले. आम्ही सगळे फुटलेल्या फळीकडे बघत होतो, त्यामुळे बिचाऱ्यांना वाटलं असावं की आम्ही मालाची किंमत करतोय.

घाईघाईने म्हणाले, "तेवढी फळी सोडली तर नव्यासारखाच आहे. जास्त वापरला नाही हो!"

*

बाळारामचे वडील आबा. पूर्वी खाडीत मासेमारी करायचे. मासे धरायचे बांबूचे पिंजरे ते स्वतःच्या हाताने विणायचे. एकदा आत शिरलेला मासा परत बाहेर पडणार नाही असे. आता खाडीच्या पाण्याला आज एक रंग असतो, उद्या दुसरा. कारखान्यात ज्या रंगाचं कापड निघेल तसा. पिंजरे माळ्यावर गेले.

एका टॉवरमधल्या बाईंना डायनिंग टेबलवर टांगायला वेगळा लॅम्पशेड हवा होता. "कोस्टल थीम" म्हणाल्या. बाळारामला पिंजऱ्यांची आठवण झाली. मला वाटलं आबा देणार नाहीत. पण म्हणाले, "ने. हिते काय घावतंय आता? रंग?"

एकच अट घातली, लावल्यावर मला दाखव.

फिटिंगच्या दिवशी आम्ही आबांना घेऊन गेलो. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिंजरा. वॉचमनने बाळारामला आणि मला सोडलं, आबांना थांबवलं. "मच्छीवाला है क्या? सर्व्हिस लिफ्ट से जाओ."

बाळारामचं डोकं फिरलं. "बापूस हाय माझा!" तो मराठीतूनच ओरडला. पण आबा कधीच सर्व्हिस लिफ्टच्या दिशेने चालू लागले होते. नाइलाजाने आम्हीही त्यातूनच गेलो. शेजारी कचऱ्याचे डबे होते.

वर बाईंनी हौसेने पडदे ओढले, लाइट लावली. भिंतीभर, छतभर बांबूच्या सावल्यांची जाळी पसरली. खरंच सुंदर दिसत होतं. बाई म्हणाल्या, "काका, कसं वाटतं?"

आबा मान वर करून बराच वेळ बघत होते. खिडकी उघडी होती, उजेडाला किडे यायला लागले होते, आणि पिंजऱ्यात शिरलेले बाहेर पडत नव्हते. विणकाम चोख होतं ना!

आबा म्हणाले, "आधी यात मासे घावायचे. आता माश्या घावतान!"

बाई इतक्या हसल्या! "काका किती मजेशीर बोलतात!" म्हणून त्यांनी फोटो काढला. त्या फोटोत आबा सोडून सगळे हसतायत.

*

लहान खोली मोठी दिसावी म्हणून समोरच्या भिंतीला आरसा लावायचा. आमच्या लाइनमधली ही पहिली टीप. प्रत्येकाला मी ती देते.

एका ईदला मी चाचांना एक मोठा आरसा दिला. परत आलेल्या मालातला, एका कोपऱ्याला जरासा टवका उडालेला. चाचा गावाकडच्या पाच जणांबरोबर एका खोलीत राहतात. शिफ्टप्रमाणे झोपायचं. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. मी म्हटलं, "चाचा, लगाओ. कमरा डबल दिखेगा."

आठवडाभरात चाचा आरसा चादरीत गुंडाळून हातगाडीवरून परत घेऊन आले.

"क्या हुआ चाचा? टूट गया?"

"नहीं मॅडम. कमरे में छह आदमी थे. आईना लगाया तो बारह हो गए. दम घुटता है!"

*

एक निवृत्त मास्तर आहेत, आमचे नेहमीचे काका. भिंतीला लावायच्या सात-आठ फोटोफ्रेमचा सेट त्यांनी नेला. त्या फ्रेममध्ये नमुना म्हणून गोऱ्या लोकांचे फोटो असतात. समुद्रावर पळणारं कुटुंब, केक कापणारं कुटुंब, सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र.

काही महिन्यांनी पडदे लावायला गेले तर भिंतीवर अजून तेच! तीच गोरी बाई, तोच टकला गोरा आजोबा, त्याच्या खांद्यावर गोरं पोर.

मी हसले. "काका, फोटो बदलायचे राहिले की हो."

काकांचे दोन मुलगे. राहत्या घराच्या वाटणीवरून कोर्टात गेलेत. दिवाळीला दोघंही येत नाहीत, कारण दुसरा आला असेल तर काय.

काकांनी चष्मा पुसला. "बदलून कोणाचे लावू? हे निदान एकत्र तरी आहेत!"

*

आता माझ्यावरचा एक.

एका बिल्डरने नव्या बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट सजवायचं काम दिलं. खर्च कमी, दिसायला भारी, हीच आमची खासियत. मी जीव ओतला. परत आलेल्या सोफ्याला नवं कापड चढवलं, एका जुन्या दाराचं टेबल केलं, पितळेच्या हंड्यात झाड लावलं.

बिल्डर बघायला आला. खूश! मग म्हणाला, "मॅडम, एक बुद्धा टाका ना. त्याने पॉझिटिव्ह वाटतं. कस्टमरला लई आवडतं."

त्याला हवं होतं ते नुसतं मस्तक, मानेपासून कापलेलं, खाली कारंजं. मला असली मस्तकं बघवत नाहीत. म्हटलं, पूर्ण बसलेली मूर्ती आणते. आणली. बिल्डरने ती उचलून दारात, शू-रॅकवर ठेवायला सांगितली.

"चपलांवर नको," मी म्हटलं.

"अहो, डेकोरेशनच आहे ना मॅडम!"

मी मूर्ती उचलली आणि हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला, उंच, स्वच्छ जागी ठेवली. तिथे सकाळचं ऊन यायचं. ती जागा करता करताच माझ्या मनात आलं की हे घर आपलंच का असू नये? आम्ही भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेत. दवाखाना सोडला तर ती खाली उतरतच नाही. या बिल्डिंगला दोन लिफ्ट होत्या. बँकेत चौकशी केली, लोन बसत होतं. आईला मी आधीच सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "खिडकीतून झाड दिसतंय का?" म्हटलं, दिसतं.

ऑफिसात गेले. बिल्डरचा भाचा बुकिंग बघायचा. मला बघून उठून उभा राहिला. "या मॅडम! तुमच्या सॅम्पलवर तर सगळं बुकिंग चाललंय!" चहा मागवला, प्लॅन उघडला. "कुठला फ्लोअर देऊ?"

"दुसरा चालेल."

"नाव जाधव ना? जाधव म्हणजे मराठा?"

"बौद्ध."

चहा आला. त्याने प्लॅन हळूच मिटला, जसं काही चहा सांडेल म्हणून. "एक मिनिट हं, मॅडम. दुसऱ्या फ्लोअरचं मामांना विचारावं लागेल."

दुसरा फ्लोअर गेला होता. मग कळलं चौथाही गेला. मग म्हणाला, सगळेच गेले, आधीच्या लोकांनी टोकन दिलंय, काय करणार. त्यानंतर महिन्याभराने बाळारामचा मेव्हणा त्याच बिल्डिंगमध्ये गेला, तर त्याला दुसऱ्या फ्लोअरवर तीन घरं दाखवली. निवडायला!

आईला काय सांगायचं? सांगितलं, लोन नाही झालं. ती म्हणाली, "जाऊ दे, मला कुठं फिरायचंय." तिला खरं काय ते समजलं असणार. आमच्याकडे अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

आणि मग एक दिवस बिल्डरचा फोन. मी गाळ्यातच होते, स्पीकरवर घेतला. "मॅडम, दुसऱ्या विंगचा सॅम्पल फ्लॅट तुम्हीच करायचा! आणि तो बुद्धा होता ना, त्याच्यापेक्षा मोठा आणा. लई लकी निघाला तो आपल्याला!"

मी फोन ठेवला. बाळाराम सोफ्याला खिळे मारत होता. हातोडी खाली ठेवून म्हणाला, "बाय, हे पण भारी हाय. बुद्ध पायजे, जाधव नको!"

चाचांनी विचारलं, "क्या बोला?" बाळारामला तेच हिंदीतून ओरडून सांगावं लागलं. हायवेपर्यंत गेलं असेल.

*

एका लूमच्या मालकाने कारखाना बंद करून जागा गोडाऊनला दिली. लूम भंगारवाल्याने किलोने नेल्या. मागे राहिले ते धोटे. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळते, लूमवर इकडून तिकडे धावणारे. आम्ही गोणीभर आणले. चाचांनी घासले, तेल पाजलं, खाली हुक लावले. किल्ल्या अडकवायला भिंतीवरचा शोपीस तयार!

चाचा त्यातला एक बाजूला काढून ठेवायचे. कोणी मागितला तर म्हणायचे, क्रॅक आहे. क्रॅक वगैरे काही नव्हता.

एक कॉलेजमधली मुलगी आली होती, तिच्या नव्या खोलीसाठी काही घ्यायला. तिने नेमका तोच उचलला. "अंकल, किती क्यूट आहे! ये बोट है ना?"

चाचांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. तिने मोठ्याने विचारलं, "बोट? नाव?"

चाचांनी तिच्या हातातून तो घेतला, अंगठा आतल्या पोकळीतून फिरवला, जिथे सुताची कांडी बसते.

"हां बेटी, नाव ही है," म्हणाले. "इसी में बैठ के पूरा खानदान पार होना था."

आणि कागदात गुंडाळून तिला देऊन टाकला.

*

हा शेवटचा.

माझ्या आईचं माहेर दिघाशीकडचं. त्या अंगाला एका गावात मोठं जुनं घर पाडणार असल्याची खबर बाळारामने आणली. आईच्या कानावर गेलं. कधी नव्हे ती म्हणाली, "मला पन ने."

दोघांनी धरून तिला जिन्यावरून उतरवलं. टेम्पोत पुढे बसली. वाटेत म्हणाली, "त्या घरी माझा बापूस कामाला जायचा. आमी पोरं आंगणाच्या कडेला उभी र्‍हायचो, त्याची वाट बघत." एवढंच. मग गाव येईपर्यंत भाताच्या खाचरांकडे बघत होती. मधेमधे गोडाऊनचे पत्रे लागत होते.

जुन्या घराच्या शेजारीच नवा बंगला उठला होता. घरातले म्हातारे, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, जुन्या ओटीवर झोपाळ्यावर बसलेले. सून फार चांगली. धावत आली, आईला हात दिला. "आजी, कुठल्या तुम्ही?"

"हितलीच. बौद्धवाड्यातल्या धर्माची पोर."

आप्पांनी झोपाळा पायाने थांबवला. आईकडे नीट बघितलं. "धर्माची? ये ये. वर बस. ओटीवर ये ना."

आई ओटीवर चढली, खुर्चीत बसली. सुनेने चहा आणला. सोनेरी काठाचे नवे कप, बश्या, बिस्किटं. आईलाही त्यातच. तिने खरंच काही कमी केलं नाही.

बाळाराम सामान बघत होता. बाक घेतला, कंदील घेतला, पितळेचं घंगाळ घेतलं. बाहेरच्या भिंतीत, पागोळ्यांखाली एक कोनाडा होता. त्यात हात घालून त्याने एक कप काढला. चिनी मातीचा, निळ्या रेघेचा, कान तुटलेला, आत धूळ.

"बाय, हा बघ!" तो मला म्हणाला. आमचं एक गिऱ्हाईक किचनच्या भिंतीवर लावायला असलेच जुने कप शोधत होतं. त्याने लगेच तो पेपरात गुंडाळायला घेतला.

सून हसली. "न्या न्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथेच बघतेय. आत कुणी घेत नाही. आप्पा, हा बाहेर कशाला हो ठेवला होता?"

आप्पा झोपाळ्याच्या कडीकडे बघत होते. "कामाला येनाऱ्या मानसांचा होता," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वाड्यातल्या."

बाळारामचे हात थांबले. सून माझ्याकडे बघायला लागली आणि मग कुठेच बघेना.

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून ओटीवरून खाली उतरली. बाळारामच्या हातातलं पुडकं घेतलं, पेपर सोडला. अंगणातल्या नळावर गेली. कप आतून अंगठ्याने घासून घासून धुतला, पुन्हा धुतला, पदराला पुसला.

वर आली. सोनेरी कपातला चहा त्यात ओतला.

"आजी, त्यात नको ना," सून अगदी रडवेली झाली होती. "हा आहे ना कप. तुमच्यासाठीच आणलाय."

"असू दे बाय."

आई खुर्चीत बसली नाही. झोपाळ्यावर, आप्पांच्या शेजारी जागा होती, तिथे बसली. चहा प्यायली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. आप्पांनी पाय उचलला नाही, झोपाळा हलला नाही.

मग परत खाली उतरली, कप धुतला, पुसला आणि जिथे होता तिथे, कोनाड्यात ठेवला.

बाळारामने हळूच विचारलं, "मावशी, घेऊ ना तो?"

"बाकी समदा ने. ह्यो हितंच र्‍हाव दे."

आप्पा उठून ओटीच्या कडेला आले. "अगो, पन सोमवारी जेसीबी येनार हाय. समदा घर आडवा होनार."

आई टेम्पोच्या दाराशी पोहोचली होती. आधाराला माझा खांदा धरला. मागे न बघता म्हणाली, "ठाव हाय. म्हनून तं ठेवला."